कवडीची कुळकथा

हैदराबादला समुद्र नाही. मछलीपट्टणमचा किनारा गाठायचा म्हटले तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर पूर्वेकडे जावे लागते. पश्चिमेचा कोकणकिनारा तर त्याहून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. असे असूनही समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याचे घर या शहरात जागोजागी भेटते. बेगम बाजारातल्या पूजासाहित्याच्या दुकानांत ते मिळते. लंबाडी स्त्रियांच्या घागऱ्यावर, काचळीवर आणि ओढणीच्या काठावर ते रांगेने शिवलेले असते. जुन्या वस्तीतल्या घरांत ओसरीवर खडूने पट आखला की त्या पटावर ते खुळखुळत पडते. आपल्या बाजूला यावे तर पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात, गोंधळ्याच्या आणि आराध्याच्या माळेत, वाघ्याच्या गळ्यात तेच. तुळजापूरला जाऊन आलेल्या घरात कवड्यांची माळ नाही असे क्वचितच घडते. हे तुळजापूर १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. आणि आता दिवाळीच आहे, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नाण्यांशेजारी ठेवलेल्या कवड्या तुमच्यापैकी अनेकांनी याच आठवड्यात पाहिल्या असतील.

नाण्यांशेजारी कवडी का? तिच्यावर ना राजाचा छाप, ना आकडा. शिवाय आपण तर एखाद्या वस्तूला अगदीच किंमत नसली की ‘कवडीमोल’ म्हणतो. मग धनाच्या देवतेपुढे बिनमोलाची वस्तू ठेवायची, हा काय प्रकार? मुलांना पडावा असा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे.

प्रथम तिची नावे पाहू. संस्कृतात तिला कपर्द, कपर्दिका किंवा वराटक म्हणतात. कपर्दिकेचे प्राकृतातून घासत घासत मराठीत कवडी झाले, हिंदी-उर्दूत कौडी झाले, आणि तिथून इंग्रजांनी ‘कावरी’ उचलले. शंकराला ‘कपर्दी’ म्हणतात, कारण त्याची जटा कवडीसारखी वळलेली. उत्तर कोकणच्या शिलाहारांत कपर्दी नावाचे राजे होऊन गेले. कान्हेरीच्या लेण्यांतल्या नवव्या शतकातील लेखांत त्या नावाचा उल्लेख आहे. कन्नडमध्ये कवडे, तेलुगूत गव्वा. आपल्या सीमाभागातल्या घरात हे चारही शब्द एकाच स्वयंपाकघरात ऐकू येतात. खिशात काही नाही हे सांगताना मराठी माणूस ‘फुटकी कवडीही नाही’ म्हणतो, तेलुगू शेजारी ‘चिल्लिगव्वा’ म्हणतो, म्हणजे भोक पडलेली कवडी. कन्नड माणूस ‘कवडे कासु’ काढतो, आणि हैदराबादी माणूस समोरच्याला ‘दो कौडी का’ करून मोकळा होतो. लिप्या वेगळ्या, व्याकरणे वेगळी, पण गरिबी मोजायचे माप सर्वांचे एक. कंजुषाला कवडीचुंबक म्हणायचे तेही याच मापाने. मात्र घट्ट विरजलेल्या दह्याची ‘कवडी’ पानात पडली की आपण खूश होतो. कवडीचा एवढा एक तरी सन्मान मराठीने राखला आहे!

आता त्या प्राण्याकडे वळू. कवडी म्हणजे समुद्रातली गोगलगाय. पावसाळ्यात परसात दिसणारी गोगलगाय, देवघरातला शंख आणि कवडी हे एकाच मोठ्या घराण्यातले: मऊ अंग, पोटाखाली सरपटायचा एकच पाय आणि पाठीवर चुन्याचे घर. शास्त्रज्ञ एकमेकींशी जवळचे नाते असलेल्या जातींचा गट करतात व त्याला प्रजाती म्हणतात. कवड्यांच्या प्रजातीला कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली ‘सिप्रिया’ हे नाव दिले. सायप्रस बेटावर ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेचे ठाणे होते, त्यावरून हे नाव. आपल्या ओळखीची लहान, पिवळसर पांढरी कवडी हिला त्याने ‘सिप्रिया मोनेटा’ म्हटले. ‘मोनेटा’ म्हणजे नाणे. प्राचीन रोमची टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या मंदिरापाशी होती. इंग्रजीतले ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे दोन्ही शब्द तिथूनच निघाले. पुढे अभ्यास सूक्ष्म झाला तशी ही कवडी आणि तिच्या पाठीवर सोनेरी कडे असलेली तिची बहीण या दोघींना निराळ्या प्रजातीत घातले गेले. त्या प्रजातीचे नाव ‘मोनेटारिया’, म्हणजे जणू नाणेवालीच. एवढ्याशा गोगलगायीच्या शास्त्रीय नावात पैशाची आठवण कायमची कोरली गेली आहे.

कवडी हातात घ्या. तिला शंखासारखे टोकदार वेटोळे दिसत नाही. पाठ फुगीर आणि गुळगुळीत. पोटाकडे एक लांबट फट आणि फटीच्या दोन्ही काठांवर दात. हे दात चावण्यासाठी नाहीत. लहानपणी कवडीचे कवचही पातळ आणि इतर गोगलगायींसारखे वेटोळ्याचेच असते. ती वयात आली की कवचाचा बाहेरचा ओठ आत वळतो, जाड होतो, त्यावर दाते उमटतात, आणि आधीचे वेटोळे आत झाकून जाते. एकदा ओठ वळला की कवडीची लांबी वाढणे थांबते. पुढे कवच फक्त जाड होत जाते. म्हणून ही कवडी साधारण दोन-तीन सेंटिमीटरची आणि एक-सव्वा ग्रॅम वजनाचीच राहते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशोबात लागणार आहे.

दुसरी गंमत तिच्या चकाकीची. समुद्रकाठी पडलेले इतर शिंपले खरखरीत का असतात आणि कवडीच घासूनपुसून ठेवल्यासारखी का दिसते? जिवंत कवडीच्या अंगाचा पातळ पदर, त्याला प्रावरण म्हणतात, फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि शाल पांघरावी तसा कवचावर चढतो. हाच पदर कवचावर चकाकीचा थरावर थर देत राहतो. बाहेरून शेवाळ बसायला किंवा ओरखडे उठायला वावच उरत नाही. धोका वाटला की शाल झटकन आत. काही कवड्यांच्या पाठीवर एक फिकट रेघ दिसते. दोन बाजूंचे पदर जिथे एकमेकांना भेटत होते, ती ही जागा. दिवसा कवडी प्रवाळाच्या खडकांत, दगडांखाली लपून राहते. रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडून खाते. मादी अंडी घालते तेव्हा त्यांच्यावर बसून राखण करते. गोगलगायीच्या जातीत अशी आई विरळाच.

पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत उथळ उबदार पाण्यात ती सापडते, पण तिचे खरे माहेर म्हणजे मालदीव. मालदीवचे लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडत, कवड्या त्यांना चिकटत, मग झावळ्या ओढून काढत, असे जुन्या अरब लेखकांनी लिहून ठेवले आहे. नंतर त्या खड्ड्यात पुरून ठेवायच्या. आतले मांस कुजून गेले की पांढरेशुभ्र कवच हाती येई. ज्या प्रवाळांच्या आधाराने कवड्या राहतात ते प्रवाळ समुद्र तापल्यामुळे १९९८ आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, हेही नोंदवायला हवे.

युरोपातल्या व्यापाऱ्यांना ही चकाकी इतकी आवडली की चीनमधून आलेली गुळगुळीत भांडी पाहून त्यांनी त्या भांड्यांना कवडीचेच इटालियन नाव दिले, ‘पोर्चेल्लाना’. आपण त्याचे पोर्सेलिन केले. सालारजंग संग्रहालयात चिनी मातीच्या भांड्यांचे मोठे दालन आहे. मुलांना घेऊन गेलात तर तिथे थांबून सांगा, या भांड्यांचे नाव कवडीवरून पडले आहे. खुद्द चीनमध्येही कवडी फार जुनी. आन्यांग येथे १९७६ साली फू हाओ या राणीचे, आजपासून सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचे, थडगे सापडले. त्यात सुमारे सात हजार कवड्या निघाल्या. चिनी लिपीत खरेदी-विक्री आणि संपत्ती यांच्याशी संबंधित अनेक अक्षरांत आजही कवडीचे चिन्ह दडलेले आहे.

आपल्याकडचा सर्वांत सुरेख पुरावा गणिताच्या पुस्तकात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या नातवाने घातलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, त्यामुळे हे आपल्याच मुलखातले घराणे. लीलावतीच्या आरंभी मापांची कोष्टके दिली आहेत आणि त्यांतले पहिलेच कोष्टक कवडीपासून सुरू होते. २० वराटक म्हणजे एक काकिणी, ४ काकिणी म्हणजे एक पण, १६ पण म्हणजे एक द्रम्म, १६ द्रम्म म्हणजे एक निष्क. मुलांनो, गुणाकार करा. एका पणाला ८० कवड्या, एका द्रम्माला १,२८० कवड्या. ही १,२८० संख्या ध्यानात असू द्या. आठशे वर्षांपूर्वी मुलांना हिशोब शिकवताना पायरी पहिली कवडीची होती, शून्याची नव्हे. म्हणजे तिला किंमत होती. फक्त ती लहान होती.

लहान किमतीचे नाणे असणे फार महत्त्वाचे असते, हे आपण विसरतो. चांदीचा रुपया घेऊन कोथिंबिरीची जुडी विकत घेता येत नाही. मोठे व्यवहार सोन्याचांदीत होत, मधले तांब्यात, आणि ज्यांच्याकडे तांब्याचे नाणेही टिकत नसे त्यांचा बाजार कवडीवर चाले. मूठभर मीठ, पावशेर भाजी, देवापुढचे फूल. कवडी मोडत नाही, गंजत नाही, उंदीर खात नाही, वितळवून दागिना करता येत नाही. आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळ्या जवळजवळ एकाच आकाराच्या, त्यामुळे मोजता येतात, मापाने भरून घेता येतात. खोटी कवडी पाडणे हे तर कोणाला परवडणारेच नव्हते. तिची टांकसाळ समुद्राच्या तळाशी होती.

मालदीवच्या बाजारात तिचा भाव काय होता हे इब्न बतूताने लिहून ठेवले आहे. हा मोरोक्कोचा प्रवासी महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला, वाटेत आपल्या दौलताबादेत राहिला आणि पुढे १३४३ च्या सुमारास मालदीवला पोहोचून तिथे काझी झाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दीनार पडे. कधी भाव इतका उतरे की एका दीनारला बारा लाख कवड्या मिळत. बंगालचे व्यापारी तांदूळ देत आणि कवड्या नेत. याच माणसाने काही वर्षांनी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात त्याच कवड्या विकल्या जाताना पाहिल्या. तिथे भाव होता दीनारला १,१५० कवड्या! पुन्हा गणित करा: जवळपास साडेतीनशे पटींचा फरक. समुद्रापासून जितके दूर, तितकी कवडी महाग.

गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी सतराव्या शतकात वारंवार आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए हाच नियम सांगतो. समुद्राजवळ एका पैशाला ८० कवड्या मिळत, आत जावे तसतशा कमी. आग्र्याला ५० किंवा ५५ च मिळत, कारण वाहतुकीचा खर्च. ८० हा आकडा ओळखीचा वाटला ना? भास्कराचार्यांच्या पणाचा तोच. मधली पाच शतके कोष्टक हलले नव्हते.

ही वाहतूक करी कोण? तावेर्निएने बैलांचे तांडे वर्णिले आहेत, एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. काही धान्य वाहणारे, काही तांदूळ, काही डाळी, काही मीठ. हेच आपले बंजारा, लमाण, तेलंगणात लंबाडी. समुद्राकाठचे मीठ दख्खनच्या पठारावर यांनी पोहोचवले. मोगलांच्या आणि निजामांच्या फौजांना रसद यांनी पुरवली. मिठाच्या गोण्यांच्या वाटेनेच कवड्याही आत आल्या असाव्यात असे मला वाटते. लंबाडी स्त्रीच्या वेशावर जी कवडी शिवलेली दिसते ती नुसती नक्षी नाही. ज्यांचे घरदार बैलाच्या पाठीवर होते त्यांची ती शिल्लकही असू शकेल. सोने अंगावर घालायचे तशी कवडी अंगावर घातली. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले, आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बुडाला. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याखाली अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला, त्यात काही भागांत बंजारेही आले. ज्यांच्या बैलांवर सगळ्या दख्खनचे पोट अवलंबून होते, त्यांच्याकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले.

हे सगळे मी वर्गात सांगू लागलो त्याला एक निमित्त घडले. आठवीच्या वर्गात तांड्यावरून येणारा एक मुलगा आहे. त्याची आजी त्याला सोडायला शाळेच्या फाटकापर्यंत यायची, जुन्या पद्धतीच्या वेशात. झाले! वर्गाने त्याचे नाव ‘कवडी’ ठेवले. नावात हसू होते आणि हसण्यात ‘दो कौडी का’ होते, हे त्या पोराला कळत होते. त्याने आजीला फाटकावर यायला मना केले. मी कोणाला छडी दाखवली नाही. फळ्यावर लीलावतीचे कोष्टक लिहिले, आणि विचारले, ही पहिल्या ओळीतली वस्तू कोणी आणून दाखवेल का? बराच वेळ वर्ग गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने कागदाच्या पुडीत आजीच्या ओढणीवरून निघालेल्या पाच कवड्या आणल्या. त्यांपैकी एक हातोहात वर्गभर फिरली, आणि तेलुगू घरातल्या एका मुलीने ती उलटी करून विचारले, “सर, हिची किंमत गेली कशी?”

नेमका प्रश्न. किंमत आपोआप जात नाही. ती कोणीतरी काढून घेते.

हे समजायला आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना फार सायास पडत नाहीत. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, हद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. हाली रुपयावर चारमिनारचे चित्र होते. हद्द ओलांडली की त्याच रुपयाला बट्टा लागे, कारण पलीकडचे सरकार त्याला आपले मानत नसे. १९५९ साली हाली चलनातून कायमचा गेला आणि कोणाकोणाच्या मडक्यातले, ट्रंकेतले चारमिनारी पैसे पोरांच्या खेळण्यात जमा झाले. सैफाबादची १९०३ सालची टांकसाळ १९९७ मध्ये चेर्लापल्लीला हलली. जुन्या वास्तूत २०२२ पासून संग्रहालय आहे. नाणे कसे जन्मते ते तिथे कळते. ते कसे मरते हे समजण्यासाठी ओरिसाकडे पाहावे लागते, आणि त्या कथेत मराठेही आहेत.

नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून १८०३ पर्यंत कटकचा मुलूख होता. तिथला शेतकरी सारा कवड्यांत भरी. हिशोब ‘काहान’ या मापाने. ८० कवड्यांचा पण, १६ पणांचा काहान, म्हणजे १,२८० कवड्या. पुन्हा लीलावतीच! मराठ्यांच्या राज्यकारभारावर ओरिसात टीका कमी नाही, आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु जे नाणे रयतेच्या हातात होते ते त्यांनी सरकारात घेतले, एवढे खरे. १८०३ साली इंग्रजांनी कटक जिंकले आणि फर्मान निघाले की सारा चांदीच्या सिक्का रुपयांत भरायचा. रुपयाचा दर चार काहान धरला गेला, म्हणजे ५,१२० कवड्या. वजनाने पाच-सहा किलो. पण जो तो रुपया शोधू लागल्यावर रुपया महागला आणि कवडी घसरली. बाजारात एका रुपयाला सहा-सात काहान मोजावे लागू लागले. शेतात तेवढेच पीक, घरात तेवढ्याच कवड्या, आणि सारा मात्र न वाढवता दीडपट झालेला. त्यात मिठाचा मक्ता सरकारने घेतला; समुद्राकाठच्या माणसाला मीठ महाग झाले. थकबाकीपायी जमीनदाऱ्यांचे लिलाव झाले आणि तेही दूर कलकत्त्यात. पाइक नावाचे जे शिपाईगडी पिढ्यान्‌पिढ्या बिनसाऱ्याच्या जमिनी कसत होते त्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. १८१७ साली खुर्द्याच्या बक्षी जगबंधूच्या पुढारीपणाखाली पाइकांचा उठाव झाला. त्याची कारणे अनेक होती, पण कवडीचे नाणेपण काढून घेणे हे त्यांतले एक होते, ही गोष्ट पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या चौकशीतही आली. जगबंधू १८२५ पर्यंत हाती लागला नाही.

कवड्यांत सारा घेणे सोपे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याला १७७८ च्या सुमारास अडीच लाख रुपयांचा महसूल कवड्यांतच मिळे, रुपयाला ५,१२० या दराने. हिशोब केला तर १२८ कोटी कवड्या होतात! त्या ठेवायला कोठारे लागत आणि ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा. अशा कारभाऱ्याने चांदी मागितली तर त्याची अडचण समजू शकते. पण अडचण साहेबाची आणि भुर्दंड रयतेचा, असा तो न्याय झाला.

आफ्रिकेतली गोष्ट याहून काळी आहे. मालदीवच्या कवड्या डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजे तळात भार म्हणून भरून युरोपात नेत. तिथे लिलाव होत, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याच कवड्या मोजून माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या. अमेरिकेतल्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या अनेक गुलामांची किंमत हिंदी महासागरातल्या या गोगलगायींत मोजली गेली होती. आपल्या चौरंगावरची निरुपद्रवी कवडी एवढ्या पापात सापडली, यात तिचा दोष नाही. पण इतिहास सांगायचा तर हे पान फाडून टाकता येत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्यापाऱ्यांनी झांजीबारकडच्या सोनेरी कड्याच्या कवड्या, म्हणजे वर सांगितलेली ती बहीण, जहाजेच्या जहाजे भरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या. माल उदंड झाला, भाव कोसळला. ज्यांनी आयुष्यभर कवड्या साठवल्या त्यांच्या हाती शिंपले उरले.

त्या मुलीला मी एवढे सगळे एका तासात सांगू शकलो नाही. अर्धे दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर मुलांनी आपापल्या घरी विचारून ठेवले होते. एकीच्या आजीने तेलंगणातल्या पद्धतीने ‘गव्वलु’ करून पाठवले होते. पिठाची लहान गोळी फणीवर किंवा दातेरी फळीवर दाबून वळवायची, तळायची आणि गुळाच्या पाकात टाकायची. खाताना दात लागतात ते कवडीच्याच दात्यांच्या ठशावर. एकाने माहूरच्या यात्रेत घेतलेली माळ आणली. आणि तांड्यावरच्या त्या मुलाने आपल्या पाच कवड्यांतल्या चार खेळायला काढल्या.

हा खेळ तुमच्या घरी बहुधा असेलच. मराठीत चल्लस आठ किंवा अष्टचंग, तेलुगूत अष्टा चम्मा, कन्नडमध्ये चौकाबारा. पाच-पाच घरांचा चौकोनी पट आणि चार कवड्या. जितक्या कवड्या तोंड वर करून पडतील तितकी घरे चालायचे. चारही उताण्या म्हणजे चार आणि पुन्हा डाव. चारही पालथ्या म्हणजे आठ आणि पुन्हा डाव. नाव कोणतेही घ्या, नियम हैदराबादच्या गल्लीत आणि आपल्या ओसरीवर जवळजवळ सारखेच. पालथ्या पडलेल्या कवड्यांना दुप्पट मान का, यावर वर्गात मोठा वाद झाला. काहींचे म्हणणे, पालथी कवडी पडणे अवघड, म्हणून. काहींचे म्हणणे, पाठ फुगीर असल्याने ती पाठीवर पडून डुलते आणि उलटते, त्यामुळे पालथीच जास्त पडायला हवी. नाण्याची छापा-काट्याची संधी सारखी असते, कवडीची तशी नसणार हे उघड आहे, कारण तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत. मी निकाल दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून सगळ्यांना सांगितले आहे: चार कवड्या घ्या, शंभर वेळा टाका, प्रत्येक वेळी किती उताण्या पडल्या ते वहीत मांडा. घरात कवड्या नसतील त्यांनी शेजारच्या घरी मागाव्यात. गव्वा मागितली तरी मिळेल, कवडे मागितली तरी मिळेल.